रोज चार मिनिटं आधी

आकाशगंगेच्या मध्यभागी काय चाललं आहे, ते जगाला आता शिंदखेडा सांगणार होतं. त्याआधी फक्त अँटेनावरची गोधडी काढायला हवी होती.

“अहो, ओली आहे अजून,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“तिकडे तीस हजार प्रकाशवर्षं, आणि इथे तुझी गोधडी!” देवरे सरांनी ती ओढून कठड्यावर टाकली.

अभिमन देवरे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि बांबू यांची अँटेना त्यांनी गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून कायमची बांधली होती. तिकडे वायूचे ढग होते. इतके तापलेले, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले. त्या ढगांतून रेडिओलहरी येतात. दिवसातून एकदा ते अँटेनासमोरून जात, तेव्हा यंत्राच्या कागदावर शाईची रेषा वर चढायला हवी होती. सात वर्षांत ती चढली नव्हती. गावातले लोक प्रेमाने विचारत, “सर, क्रिकेटची कॉमेंट्री लागते का हिच्यावर?”

पुण्याहून एका शास्त्रज्ञाचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. माणसाची वस्तू घड्याळाने चालते, आकाशातली रोज सुमारे चार मिनिटं आधी येते. सलग साठ दिवस तसं दाखवा, मग या.

पंचवीस सप्टेंबरला हिशेबाप्रमाणे ढग संध्याकाळी सहाला समोर यायचे होते. सहाच्या ठोक्याला रेषा चढली. सरांनी प्रमिलाबाईंचा हात धरला.

“पण कालही सहालाच चढली होती,” त्या म्हणाल्या. “परवाही.”

सरांनी हात सोडला. दोन शेतांपलीकडे झुलालने विहिरीवर नवीन मोटार बसवली होती. स्टार्टरमधून ठिणग्या उडत होत्या, आणि ठिणग्यांतूनही रेडिओलहरी निघतात. सर चिखलातून तिथे पोचले.

“रोज सहाला, रोज सहाला! अरे, वरचे ढग बघ. रोज चार मिनिटं आधी येतात. तीन मिनिटं छप्पन्न सेकंद खरं तर, पण ते तुझ्या डोक्यात मावणार नाही. काही शिक त्यांच्याकडून!”

झुलालने हातातलं फावडं खाली ठेवलं. त्याच्याशी एवढं बोलणारा शिकलेला माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. “बरं, सर,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहाला रेषा हलली नाही. ती पाच छप्पन्नलाच चढून बसली होती. त्याच्या पुढच्या दिवशी पाच बावन्न. सर अँटेनाच्या बांबूला धरून रडले.

त्यानंतर घरात ढगांचं राज्य आलं. सर कॉलेजात असले की कागदापाशी प्रमिलाबाई बसत. त्या साठ दिवसांत वीज एकदाही गेली नाही, हा खरा चमत्कार. पण त्याची नोंद करायला वहीत रकाना नव्हता.

तिसाव्या दिवशी सावद्याहून निरोप आला, प्रमिलाबाईंची आई अंथरुणाला खिळली.

“एक दिवस मोडला की पुन्हा पहिल्यापासून,” सर म्हणाले. “ढग आईसाठी थांबतात का?”

एक्केचाळिसाव्या दिवशी तार आली. प्रमिलाबाईंनी आधी तीन वाजून सोळा मिनिटांची रेषा वहीत लिहिली, मग एसटी धरली. सावद्याला पोचल्या तेव्हा राख सावडायची तेवढी राहिली होती.

साठाव्या दिवशी रेषा बरोबर दोनला चढली. सरांच्या हिशेबाने दोन वाजून चार मिनिटं यायला हवी होती. “घड्याळ मागे पडतं,” असं त्यांनी वहीत लिहिलं आणि घड्याळ चार मिनिटं पुढे केलं.

प्राचार्यांनी पुण्यासाठी रजा नाकारली. सरांनी तिथेच राजीनामा लिहिला. “आता यांना ओहमचा नियम कोण शिकवत बसेल?”

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाव लोटलं. कॉमेंट्री विचारणारेच हार घेऊन आले होते. पुण्याच्या गाडीत सर खिडकीशी बसले. शेजारी प्रमिलाबाई, मांडीवर साठ दिवसांच्या कागदांची गुंडाळी.

गाडी सुरू होताहोता झुलाल धावत आला. हातात ओल्या मिरच्यांची पिशवी. ती त्याने खिडकीतून आत दिली आणि चपला काढून हात जोडले.

“काय रे झुलाल?” सर हसून म्हणाले.

“सर, तुम्हीन सांगं तशी मोटार रोज चार मिनिट आधी लावता लावता दुपारना दोनवर उनू. आते परत सहाले लावू का?”