चाकांवरची गादी

जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर गुलाबरावांनी जीपच्या मागे ओढायचं एक घरच बनवून घेतलं. आत दोघांपुरती गादी, पंखा, खिडक्यांना पडदे. चाकांना स्वतःच्या हातानं ग्रीस भरलं आणि बायकोला, रत्नमालाला घेऊन ते फिरायला निघाले.

पहिला मुक्काम पवनीला, साळ्याच्या अंगणात. साळा अंकुश हात जोडून आडवाच आला. "भाऊजी, आमचं घर असताना पाहुणे गाडीत निजतीन का? लोकं काय म्हणतीन?" त्यानं आपल्या एकुलत्या खोलीतला पलंग पाहुण्यांना दिला आणि स्वतः बायको-लेकरांसह गाडीत जाऊन झोपला.

तुमसरला बहिणीकडे तेच. पुढे नात्यातल्या अकरा गावांत तेच. रोज सकाळी यजमान आळस देत गाडीतून उतरायचे. "काय मस्त झोप लागली जी!"

महिनाभरानं घरी पोचल्यावर गुलाबरावांनी चपलाही न काढता फोन लावला.



"अंकुश, उद्याच लेकरंबाळं घेऊन आमच्या घरी राहायले ये. मले एक रात्र तरी माह्या गाडीत निजू दे!"