बोट सरकेल इतकं

गजरा. कात्री. उद्घाटनाची रिबीन. भिंतीला टेकवलेली शिडी.

नवऱ्यानं आयसीयूच्या छतात करकचून बांधलेल्या नेटवर्क केबलची पहिली प्लास्टिकपट्टी रेवतीनं शिडीवरून कापली.

"अगं, वेड लागलं का? डॉक्टरांनी किती वाखाणलं काम!"

"दिसतंय छानच. पण आवळलं की आतल्या तारा दबतात. पेशंटचे ठोके नर्सच्या पडद्यावर पोचलेच नाहीत तर?"

"आत्ता चालतंय ना? पाहुणे गेटवर आलेत!"

"थांबतील. सगळ्या पट्ट्या काढायच्या. वेल्क्रो लावायचं, बोट सरकेल इतकं सैल. नियमच आहे तो."

"छतात कोण बघतंय?"

"मी."

तो धुसफुसला. मग दुसरी कात्री घेऊन शेजारच्या स्टुलावर चढला. खाली रिबीन ताटकळली.

सकाळी तिच्या केसांत गजरा त्यानंच माळला होता, फुलं दबणार नाहीत इतका सैल.