खाकी ड्रेस

चंदगडच्या पावसात शांभवीचा कंडक्टरचा खाकी ड्रेस काही केल्या वाळेना, म्हणून राजशेखरनं बायकोसाठी थेट शाहूपुरीतून कपडे वाळवायचं मशीन आणलं. सासू शांतव्वानं ते पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं. तिची लुगडी, सासऱ्यांचं धोतर, चादरी, सगळं त्यातून भाजल्या पापडागत कडकडीत निघायचं. सुनेचा ड्रेस तेवढा पडवीतल्या दोरीवर गारठत असायचा. सकाळी शांभवी त्यावर इस्त्री फिरवायची आणि तसाच दमट अंगात चढवून ड्यूटी गाठायची. गाडीत दहा जणांचे धक्के लागलेला ड्रेस सासूला घरच्या कपड्यांत नको असेल, असं समजून गप्प बसायची.

एक दिवस शेजारच्या झुंबरबाईनं रस्त्यावरनंच विचारलं, "शांतव्वा, मशीन बिघडलं व्हय? सुनंचा ड्रेस तेवढा भाईर टांगलायस!"

आत भाकरी थापणाऱ्या शांभवीचा हात थांबला.

"मशीन लई झ्याक हाय की! पर ते दार लावून वाळवतंय," शांतव्वा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी सून कंडक्टर झालीया, ते लोकास्नी दिसायचं कसं?"