हापशीचं पाणी

तानाबाईने दुसरी बादलीही काचेच्या टाकीत रिकामी केली आणि पदराला हात पुसत ती अंगणात आली.

"टाकीतलं पाणी उतरलं होतं रे. भरून ठेवलं म्या."

तिचा भाऊ इंद्रभान मांडवाच्या खांबाला माइकची वायर बांधत होता. त्याचा हात थांबला. "कोणतं पाणी टाकलं, बाई?"

"हापशीचं. तुह्या मशीनचं गोडं पाणी माश्यायवर काऊन घालू? त्यायले खारंच लागते ना? मंग आपल्या गावात खाऱ्याची काय कमी आहे?"

वायर तशीच टाकून तो आत धावला. टाकीवर निळा दिवा जळत होता. दोन्ही नारिंगी मासे कोपऱ्यात जाऊन उभे होते. मधल्या दगडावरचं हिरवं प्रवाळ, शर्टाच्या गुंड्या ओळीने लावाव्यात तसं, रोज सकाळी या वेळेला पूर्ण उमललेलं असायचं. आज त्याची एकेक गुंडी मिटत चालली होती.

ते त्याच्या बायकोने, अन्नपूर्णाने, लावलं होतं. तेव्हा आठ आण्याएवढं होतं. फेविक्विकने दगडावर चिकटवताना तिची दोन बोटंही एकमेकांना चिकटली, आणि तशाच हाताने, हसत हसत, तिने संध्याकाळची भाकर खाल्ली होती. आता ते तळहाताएवढं झालं होतं. आणि तिला जाऊन आज वर्ष झालं होतं.

"समुद्राचं खारं वेगळं, बाई. अन् आपलं वेगळं," इंद्रभान टाकीवरून नजर न काढता म्हणाला. "हवेनं नुसतं पाणी उडते. मीठ टाकीतच राह्यते. म्हून वरतून गोडंच टाका लागते. हापशीच्या पाण्यानं माणसाच्या किडन्या गेल्या. हे त इवलुसं जनावर आहे."

तानाबाई दारातच खाली बसली. "मले काय मालूम रे भाऊ..."

टाकीतलं निम्मं पाणी ताबडतोब बदलायला हवं होतं. म्हणजे शंभर लिटर गोडं पाणी. घरातलं मशीन दिवसभर चालवलं तरी एवढं पाणी देणार नव्हतं. इंद्रभानने मांडवाकडे पाहिलं. कार्यक्रमासाठी खामगावहून आलेले पाण्याचे पाच जार स्टेजजवळ ओळीने ठेवले होते. तो गेला आणि त्याने पहिला जार खांद्यावर घेतला.

सतरंज्या अंथरणारा त्याचा मुलगा अश्वजित आडवा आला. "बाबा, हे काय करून राह्यले? अकरा वाजता लोकं येतीन. सरपंच येऊन राह्यले."

"येऊ दे."

"मंग पितीन काय ते?"

"हापशी आहे ना."

"बाबा! थुंकतीन लोकं. ते आईले आदरांजली द्याले येऊन राह्यले, अन् आपण त्यायले..."

"तुही माय तीस वर्षं तेच पाणी प्याली. तिले कोणी म्हटलं होतं काय, थुंक म्हून?"

अश्वजितचा आवाज खाली आला. "मास्यापायी चार लोकात नाव घालोता काय?"

"मास्यापायी नाही," इंद्रभान म्हणाला. "हट."

अश्वजित बाजूला झाला.

इंद्रभानने रबरी नळी तोंडाने ओढून टाकीतलं निम्मं पाणी मोरीत सोडलं. पाचही जार ड्रममध्ये ओतले. समुद्री मीठ तोलून घातलं आणि लहान पंप आत सोडला. जन्मभर वायरमनकी केलेला माणूस, घाईतही त्याचे हात चुकत नव्हते. मीठ विरघळून पाणी नितळ झालं, तेव्हा त्याने दोन थेंब खारेपणा मोजायच्या नळीवर घेऊन उजेडाकडे धरले. अजून मूठभर मीठ घातलं. पुन्हा पाहिलं. मग मगाने, काचेच्या कडेकडेने, प्रवाळाला धक्का लागणार नाही असं पाणी सोडायला सुरुवात केली.

रिकामे जार दाराशी पडले होते. तानाबाई उठली आणि दोन्ही हातांत दोन जार घेऊन निघाली.

"आत्या, तू तरी समजून घे," अश्वजित म्हणाला.

"टाकीत म्याच टाकलं ना? मंग मांडवातही मीच भरीन."

थोड्या वेळाने हापशीचा आवाज सुरू झाला.

अकरा वाजता वंदना झाली. लोक जारचं पाणी प्याले. गावच्या माणसांना त्यात काही वेगळं लागलं नाही. सरपंच रंगराव बोलायला उठले. ग्रामपंचायतीच्या फिल्टरला दोन वर्षं कुलूप होतं. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र रोज सकाळी खामगावचा जार उतरायचा.

आत इंद्रभानने शेवटचा मग ओतला आणि वाकून पाहिलं. दगडाच्या कडेची एक गुंडी किंचित उघडली होती. एकच. तो तसाच ओल्या हातांनी बाहेर आला. बाह्यांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं. तो पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"अन्नपूर्णाबाईंनी या गावात काय सोसलं, हे मी सांगायची गरज नाही," रंगराव माइकवर म्हणाले. त्यांनी समोरचा ग्लास उचलून मोठा घोट घेतला.

आणि ते थांबले. गाल फुगलेले तसेच राहिले. त्यांनी डावीकडे पाहिलं, तिथे बाया बसल्या होत्या. उजवीकडे अन्नपूर्णाचा फोटो होता. मांडवात थुंकायला जागा नव्हती. माइक सुरूच होता.

इंद्रभानने हात जोडले.

"सावकाश, साहेब," तो म्हणाला. "घाई नाही."