शलाकाची तयारी

डॉक्टरीणबाईंनी सतरंजीवर बाहुल्या मांडल्या. आई, बाबा, बाळ. नीलानं नवऱ्याकडे पाहिलं. घरी अनंतनंही बाहुल्या अशाच मांडल्या होत्या.

अनंतच्या ऑफिसातल्या दत्तारामचा मुलगा गेल्या वर्षी इथंच, पार्ल्यात, तपासून गेला होता. त्यामुळे पेपर आधीच फुटला होता. त्यांची शलाका साडेतीन वर्षांची. दिवाळीपासून ती कपाटामागे भिंतीकडे तोंड करून बसायची. आपणहून एक शब्द बोलायची नाही, पडली तरी रडायची नाही. पण शाळेनं प्रवेशासाठी डॉक्टरांचा दाखला मागितला होता, आणि अनंतच्या घराण्यात आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं. त्यानं कपाट सरकवून भिंतीला चिकटवलं आणि रोज संध्याकाळी तिची शिकवणी सुरू केली.

"हे बाळ का रडतंय गं?" बाईंनी विचारलं.

"भूक लागलीये त्याला," शलाका म्हणाली. तिनं बाळाला भरवलं, थोपटलं, त्याचा पापा घेतला. मग मान वर केली, बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि हसली. काही म्हणजे काही चुकलं नाही.

"छान खेळते की," बाई म्हणाल्या. "तक्रार काय होती नक्की?"

"तेच म्हणतो मी," अनंत म्हणाला. "एवढ्याशा जिवाला कसलं आलंय टेन्शन? हिलाच उगाच काळजी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आई, तुम्हाला काही सांगायचंय?"

नीलानं तोंड उघडलं. अनंत घड्याळाला किल्ली देऊ लागला. शलाका अजून हसत होती.

"नाही," नीला म्हणाली. "तसं काही नाही."

दाखला मिळाला. परतताना रिक्षात अनंत शीळ घालत होता. अंधेरी जवळ आली तशी शलाकानं नीलाचा पदर ओढला.

"आई, आता बंद करू?"

"काय गं?"

"हसणं."

"घरी जाईपर्यंत राहू दे," अनंत म्हणाला. "शेजारच्या कुंदावहिनी गॅलरीत असतील."

होत्याच. "काय म्हणाले डॉक्टर?"

"एकदम नॉर्मल," अनंत म्हणाला.

"दिसतंयच की. किती गोड हसतेय बघा."

घरात शिरल्यावर नीलानं दार लावलं आणि ती शलाकासमोर उकिडवी बसली. "बास हं राणी. कर बंद आता."

शलाकानं डोळे मिटले. ओठ तसेच राहिले.

"असू दे की," अनंत आतून म्हणाला. "सोमवारी शाळेचा इंटरव्ह्यू आहे."

नीलानं दोन बोटांनी तिचे गाल हलकेच खाली ओढले. सोडल्यावर ते परत होते तिथं गेले.