अँटेना धरणारी

"आलं काय?" स्लॅबवरून मैनाने विचारलं.

"नाय! नुसत्या मुंग्या!" विठू खिडकीतून बोंबलला. "अगो, समुद्राकडे नको, टेकडीकडे फिरव!"

"आता?"

"आलं! आलं! धरून ठेव तशीच!"

वर्ग हसला. कुणीतरी नेहमीचंच म्हणालं, "मैना बसली तारेवर." शिवलकर सरांनी डोळे वटारले. पडद्यावर बेडकाचं हृदय धडधडू लागलं, आणि आठवी ब चिडीचूप झाली.

शाळेला टीव्ही मिळाला तेव्हा सभापतींनी हार घातला, नारळ फोडला, फोटो काढून घेतला आणि गाडीत बसून गेले. अँटेना नीट बसवून द्यायची कुणाला गरज वाटली नाही. कशाला वाटेल? फोटोत अँटेना येत नाही. हेडमास्तरांना टीव्ही आपल्या ऑफिसात हवा होता, क्रिकेटसाठी. शिवलकर सर एकटे भांडले आणि तो वर्गात आणला. तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राही. खोलीवर वाट बघणारं कुणी नव्हतं. खाणावळीत जेवताना वाढपी विचारी, "भात?" दिवसभरात त्यांच्याशी आपणहून बोललेला तेवढाच एक शब्द.

टीव्हीतलं सरांना ओ की ठो कळत नव्हतं. कुठलं बटण पिळलं की पळणारं चित्र थांबतं, ते विठूने शिकवलं. अँटेनाचं मैनाने अंगावर घेतलं. गुहागरकडची पोर, दोन वर्षांपूर्वी मामाकडे राहायला आलेली. कुणात मिसळायची नाही. पण सोमवार-गुरुवारी शेजारच्या तुरुंगाचे टोले पडले, की पोरगी शिडीवर. शाळेचं घड्याळ कधीच मेलं होतं. सर त्या टोल्यांवरच टीव्ही लावत. कार्यक्रम संपेपर्यंत ती उन्हात वर उभी. खाली साठ पोरांनी ज्वालामुखी पाहिला, देवमासा पाहिला. जिच्या जिवावर पाहिला, तिने काहीच नाही.

हे सरांना फार लागे. सगळ्यांच्या उपयोगाचं आणि कुणाचंच नसलेलं माणूस कसं असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्या दोन दिवशी ती काळ्या रिबिनी सोडून लालभडक बांधायची. पीटीच्या मास्तरांनी त्यापायी तिला पट्ट्याही मारल्या होत्या.

"टीव्हीत तू दिसणारेस काय गो?" सरांनी एकदा थट्टेने विचारलं होतं.

"नाय सर. बाबांनी आणल्यात."

"कुठे असतात बाबा?"

"मुंबईला."

अर्ध्या वर्गाचे बाप मुंबईला. सरांनी पुढे विचारलं नाही.

सोमवारी वारा पिसाटला. चित्र तीनदा गेलं. नेमके हेडमास्तर दारात.

"शिवलकर, पोरी छपरावर चढवून कसलं शिक्षण देता हो? गुरुवारी चित्र हललं तर टीव्ही माझ्या ऑफिसात. आणि ती पोर परत वर दिसता कामा नये."

बुधवारी शाळा सुटल्यावर सर मिरजोळ्याला गेले. वर्कशॉपमध्ये बसून लोखंडी पकड करून घेतली, खांद्यावरून आणली, विठूला घेऊन स्लॅबवर पक्की केली. अँटेना अशी घट्ट बसली की रेडा धडकला तरी हलू नये. विठूने खाली जाऊन पाहिलं. चित्र स्वच्छ. सरांना किती दिवसांनी भूक लागली.

गुरुवारी त्यांनी पहिलं बाक रिकामं ठेवलं.

"मैना, आज तू इथे बसायचंस."

"नको सर. मी वरच बरी."

"आता कुणी वर जायचं नाही. बस गप."

ती बसली. लाल रिबिनी बांधलेल्याच होत्या. तिचा चेहरा इतका उतरला की सरांना वाटलं, आनंद सोसवत नाही पोरीला.

टोले पडले. सरांनी बटण दाबलं.

मुंग्या.

विठूने सगळी बटणं पिळून पाहिली. मुंग्याच. हेडमास्तर दाराशी येऊन उभे होते. मागे शिपाई, टीव्ही उचलायलाच आणलेला.

"सर, मी जाते!" मैना म्हणाली, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत शिडीवर पोचलीसुद्धा.

"धाकू, उचल रे," हेडमास्तर म्हणाले.

शिपायाने हात लावला, तेवढ्यात पडद्यावर चित्र उमटलं. स्वच्छ. वर्गाने टाळ्या पिटल्या. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "आज राहू दे," असं पुटपुटत ते निघून गेले.

सरांनी कपाटातून पाना काढला. एखादा नट ढिला झाला असणार. तो आवळू, पोरीला खाली आणू. अर्धा तरी कार्यक्रम बघेल बिचारी. ते शिडी चढले.

नट घट्ट होते, बुधवारी आवळले तसेच. वायरीचं टोक तेवढं कुणीतरी सोडवून नुकतंच परत पिळलेलं. अँटेना आपली आपण उभी होती. तिला कुणी धरलेलं नव्हतं.

मैना स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला होती, सरांकडे पाठ करून. वेण्या सुटलेल्या. दोन्ही लाल रिबिनी हातात घेऊन ती टाचा उंचावून हलवत होती, आणि खाली, तुरुंगाच्या भिंतीपलीकडे, भाजीला पाणी घालणाऱ्या कैद्यांतल्या एकाने डोक्यावरची पांढरी टोपी काढून उंच धरली होती.