पुतळ्याचा आवाज

"ताप किती दिवसांपासून आहे, आजी?" पडद्यावरच्या मुलीनं विचारलं.

"चार," बाई माईकमध्ये खोकत म्हणाल्या, आणि काचेपलीकडच्या खाटेवर रबरी पुतळ्याच्या तोंडून तोच खोकला बाहेर पडला.

पुतळा परीक्षेचा, आवाज बाईंचा. मुलगी तिच्या घरी लॅपटॉपसमोर. ती सांगेल ते इथला तंत्रज्ञ पुतळ्यावर करायचा. पुतळ्याची छाती हलायची, नाडी चालायची, औषध चुकलं तर तो मरायचासुद्धा. तो मेला की विद्यार्थी नापास. नियम एकच, पण कडक: विद्यार्थी विचारेल तेवढंच पेशंटनं सांगायचं.

बाईंना त्या नियमाचीच धास्ती होती. बत्तीस वर्षं शिकवण्यात गेलेली; पोर अडलं की त्यांची जीभ वळवळायची. गेल्या आठवड्यात विभागप्रमुखानं हसत हसत चिमटा काढला होता. तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"बाई, तुमच्याकडे परीक्षा दिली तर हा पुतळासुद्धा डॉक्टर होईल!" मग हसू आवरून म्हणाला, "तक्रारी आल्यात. आणखी एक आली, तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

काम गेलं म्हणजे शिकणारी मुलंही दुरावली. त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला चैन नव्हतं.

आज एकच नाव होतं, तेही दुसऱ्या कॉलेजातलं. फेरपरीक्षा, शेवटची.

"या वेळी गेले तर संपलंच, बाई," मुलगी सुरुवातीलाच म्हणाली होती. आवाज रडवेला, डोळे मात्र कोरडे. चेहरा जरा थोराडच. दोनदा आपटलेलं पोर वयाआधी पिकतं, बाईंनी मनाशी म्हटलं.

"न्युमोनिया वाटतोय. ऑक्सिजन लावा," मुलगी तंत्रज्ञाला म्हणाली.

शाब्बास! बाई खुर्चीत टेकल्या.

"आता पेनिसिलिन, शिरेतून." मात्रा तिनं न अडखळता सांगितली.

बाई ताडकन उठल्या. कुठलं औषध सोसत नाही का, हे तिनं विचारलंच नव्हतं. आणि समोरच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की या पेशंटला पेनिसिलिन चालत नाही.

तंत्रज्ञानं सिरिंज भरली.

"देऊ का, बाई?" मुलीनं विचारलं.

"निर्णय तुमचा, डॉक्टर." बाईंनी माईक लांब सारला. पुन्हा जवळ घेतला. पुन्हा सारला.

मुलगी थांबली. बाईंकडे बघत राहिली.

विचार ना गं बये, बाई मनातल्या मनात विनवत होत्या. एवढं एकच विचार.

"द्या," मुलगी म्हणाली.

सुई सलाइनच्या नळीला टेकली. बाईंनी माईक खसकन ओढला.

"अगं पोरी, मागं ह्याच औषधानं माझी जीभ सुजली होती गं! मरता मरता वाचले!"

"थांबा!" मुलगी ओरडली. "पेनिसिलिन नको. दुसरं औषध सांगते."

पुतळ्याचा श्वास हळूहळू संथ झाला. बाईंचा मात्र होईना. त्यांनी 'उत्तीर्ण'पुढे खूण केली, कागद पाठवून दिला आणि मगच तोंड उघडलं.

"पुन्हा हे विचारायला विसरलीस तर कान उपटीन. खऱ्या पेशंटच्या तोंडून मी बोलणार नाहीये, कळलं?"

"कळलं, बाई." मुलीचा आवाज आता रडवेला नव्हता. तिनं चष्मा चढवला, समोर एक फाइल उघडली आणि काहीतरी लिहिलं. मग वर पाहिलं.

"मला डॉक्टर होऊन नऊ वर्षं झाली, बाई. मला परीक्षा मंडळानं पाठवलंय. आजची परीक्षा तुमची होती."